ऐकणाऱ्याचा चेहरा

विनोदी सिनेमा पहिल्यांदा बघताना डोळे बोलणाऱ्यावर असतात. पुढे काय होणार ते ठाऊक नसतं, एखादा शब्द निसटला तर गंमत हुकेल अशी धास्ती असते. तोच सिनेमा पुन्हा लागला की वाक्यं पाठ झालेली असतात, कान निवांत असतात आणि डोळ्यांना हिंडायला मोकळीक मिळते. मग ते आपोआप दुसऱ्या माणसाकडे वळतात. ज्याला ती थाप ऐकवली जातेय, त्याच्याकडे. जो सिनेमा कितीही वेळा पाहिला तरी हसवतो, त्याचं गुपित मला या दुसऱ्या माणसात सापडलं आहे. थाप मारणारा नुसता हुशार असून भागत नाही. ऐकणाऱ्यानं ती मनापासून ऐकावी लागते.

‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. १९८८ चा सिनेमा, दिग्दर्शन सचिन पिळगावकरांचं, लेखन वसंत सबनीसांचं. गोष्ट मुंबई-पुण्याकडच्या माणसांनी केलेली आणि पुण्यात घडणारी, पण नागपुरातही कुणी पत्ता शोधत दारात आला की आतून ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ येतंच. उसने दिलेले पैसे बुडाले की ‘सत्तर रुपये वारले’ म्हणून लोक मोकळे होतात. पण ते सत्तर रुपये ज्यांचे वारले त्या विश्वास सरपोतदारांकडे, म्हणजे सुधीर जोशींकडे, एकदा नीट बघा. डायबेटिसचं औषध इस्राईलहून येणार या आशेवर पैसे मोजलेला हा घरमालक. माणूस तिरसट आहे, संशयी आहे, पण दुखणं खरं आहे आणि आशाही खरी आहे. औषध नाही, ते पाठवणारा मित्र नाही आणि पैसेही नाहीत, ही बातमी एकेक घास गिळावा तशी ते पचवतात. सुधीर जोशी तिथे विनोद करायला जात नाहीत. ते ऐकतात, मनात हिशेब मांडतात, आणि तो हिशेब तोंडावर उमटतो. हसू त्या हिशेबाचं आहे, अशोक सराफांच्या वाक्यानं त्याला फक्त वाट करून दिली आहे.

लीलाबाई काळभोरांचंही तसंच. नयनतारा यांनी ही अधू नजरेची, श्रीमंत, एकटी बाई इतक्या जिव्हाळ्यानं उभी केली आहे की तिला फसवलं जातंय याची आपल्याला सतत टोचणी लागून राहते. दोन जोडपी घरात आली म्हणून ती खुलते, पार्वतीचं डोहाळजेवण करते. तिचा आनंद खोट्यावर उभा असला तरी आनंद खोटा नाही. ‘हा माझा बायको पार्वती’ हे वाक्य धनंजयच्या तोंडून घसरतं तेव्हा सगळं थिएटर अशोक सराफांकडे बघून हसतं. मी आता शेजारी पार्वती होऊन उभ्या असलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंकडे बघते. आपण पुरुष आहोत हे एका वाक्यात उघडं पडलंय आणि तोंडातून शब्द काढायची सोय नाही, अशा माणसानं काय करावं?

पुरुषानं लुगडं नेसून हसवणं आम्हा विदर्भातल्या लोकांना नवं नाही. खडी गंमत या आमच्या लोकनाट्यात शाहिरासोबत नाच्या उभा राहतो, डफ आणि ढोलकीवर रात्र जागते, आणि बाईच्या वेषातल्या त्या पुरुषाचं गाणं, बोलणं, नखरा लोक आदरानंही बघतात. सबनीस तर वगनाट्याच्या मुशीतले लेखक, ‘विच्छा माझी पुरी करा’ त्यांचंच. त्यामुळे बनवाबनवीतल्या साड्या बाईची टिंगल करायला नेसलेल्या वाटत नाहीत. हसू त्या दोन पुरुषांच्या कोंडीचं आहे. बाई म्हणून दिवसभर वावरताना काय काय सांभाळावं लागतं, ते त्यांना पदोपदी कळत जातं. स्त्रीवेषातले कितीतरी विनोद मला दुसऱ्यांदा बघवत नाहीत. हा बघवतो, तो यामुळे.

या कथेचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मध्ये आहे. म्हणजे एकट्या पोरांना घर न मिळण्याची अडचण तेव्हाही होती, १९८८ मध्येही होती, आणि आज नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रात नोकरीला लागलेल्या पोट्ट्यांना विचारा, ‘फक्त फॅमिलीला’ हे उत्तर त्यांनी किती दारांत ऐकलंय ते. अडचण जुनी होत नाही तोवर तिच्यातून निघालेली थापही जुनी होत नाही.

ऐकणाऱ्याकडे बघायचं हे वळण मला लावलं ते आमच्या मोठ्या बाबांनी आणि नागपूरच्या उन्हाळ्यानं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी घराबाहेर पडायची सोय नसायची. शाळांना सुट्ट्या, चुलत-आते भावंडं गोळा झालेली, आणि घरात ठरलेला कार्यक्रम म्हणजे भाड्यानं आणलेला व्हीसीआर आणि सोबत दोन-तीन कॅसेटी. हॉलमध्ये सतरंजी टाकलेली. खिडकीत लोखंडी कूलर, त्याचा तो थोरला पंखा, नव्या ताट्यांचा ओला वास आणि टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटरीची घरघर. कूलर बंद केला तर घामाच्या धारा, चालू ठेवला तर टीव्हीतलं अर्धं बोलणं ऐकू येत नाही. आवाज कितीही वाढवला तरी कूलर त्याच्यावर मात करायचाच. मग संवाद पाठ असलेला कुणीतरी ते म्हणायचा आणि बाकीचे चेहरे बघायचे.

मोठे बाबा पुढ्यात मांडी घालून बसत. त्यांचं हसू सीनच्या आधी सुरू व्हायचं. खांदे हलायला लागायचे, हात वर जायचा आणि हुकूम सुटायचा, ‘‘आता थांबा बे! त्या बुढ्याचं तोंड पाह्य. त्याचंच तोंड पाह्य फक्त.’’ तो बुढा म्हणजे ‘गोलमाल’मधले उत्पल दत्त. मोठी आई बाजूला वर्षाचे गहू निवडत बसलेली असायची. ‘‘पुन्हा तेच लावलं का जी?’’ असं ती म्हणायची, सुपातून खडे वेचत राहायची, आपलं लक्ष नाहीच असं दाखवायची. पण तो सीन जवळ आला की सूप पाखडायचं थांबायचं. दाणे जिथल्या तिथे राहायचे. सीन संपला, सगळे हसून झाले, की सूप पुन्हा चालू.

सूप थांबायचं ते सीनच्या आधी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विनोदाला धक्का लागतो, अनपेक्षितपणा लागतो असं सगळे सांगतात, आणि पहिल्या खेपेपुरतं ते खरंही आहे. पण आमच्या हॉलमध्ये कुणालाच काही अनपेक्षित नव्हतं. आम्ही वाट बघत होतो. येणार ते आम्हाला माहीत, पडद्यावरच्या त्या बिचाऱ्याला माहीत नाही, आणि तो मोठ्या विश्वासानं त्या क्षणाकडे चालत येतोय. जितक्या वेळा बघावं तितकी ही वाट बघण्याची गोडी वाढते. म्हणून चांगला विनोदी सिनेमा दुसऱ्यांदा पाहताना पहिल्यापेक्षा जास्त हसवतो, असं मी खात्रीनं म्हणते.

‘गोलमाल’ १९७९ चा, हृषीकेश मुखर्जींचाच. रामप्रसाद कामाला दांडी मारून हॉकीचा सामना बघायला जातो, तिथे साहेब भवानीशंकर त्याला बघतात, आणि मग नाइलाजानं एक जुळा भाऊ जन्माला येतो. एकाला मिशी, दुसऱ्याला नाही. ज्याला मिशी नाही त्याला चारित्र्य नाही, हे भवानीशंकरांचं तत्त्वज्ञान आहे. अमोल पालेकरांना त्या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं आणि उत्पल दत्तांना विनोदी भूमिकेचं. पालेकरांचं काम सुंदरच आहे, पण मला विचाराल तर सिनेमा तोलून धरला आहे दत्तांनी. हे बंगाली रंगभूमीवरचे राजकीय नाटकवाले, १९६५ मध्ये सरकारनं खटला न चालवता तुरुंगात टाकलेले. इतका गंभीर माणूस मिशीच्या तत्त्वज्ञानावर तितक्याच गंभीरपणे श्रद्धा ठेवतो. ते एकदाही डोळा मारत नाहीत. ‘मी विनोदी काम करतोय बरं का’ असं चुकूनही सुचवत नाहीत. रामप्रसादच्या सचोटीची त्यांना वाटणारी धन्यता, लक्ष्मणप्रसादबद्दलचा तिटकारा, आणि मग डोक्यात हळूहळू शिरणारा संशय, हे सगळं खरं आहे. शेवटच्या फोटोत त्यांची स्वतःची मिशी गेलेली दिसते तेव्हा एका माणसाचा आयुष्यभराचा सिद्धान्त कोसळलेला असतो. मोठ्या बाबांना या फोटोपाशी हसता हसता ठसका लागायचा, मग पाण्याचा तांब्या.

हृषिदांबद्दलची एक गोष्ट मला मोठेपणी समजली आणि मोठ्या बाबांचा हुकूम एकदम उलगडला. हृषीकेश मुखर्जी आधी संकलक होते, बिमल रॉयांकडे त्यांनी संकलन केलं. संकलक हा माणूस दिवसभर एकच प्रश्न सोडवत असतो. आता कुणाकडे बघायचं? बोलणाऱ्यावरच थांबायचं की ऐकणाऱ्याकडे वळायचं, आणि वळायचं तर वाक्य संपल्यावर की संपायच्या जरा आधी? विनोद अनेकदा त्या अर्ध्या सेकंदावर तरतो. ‘चुपके चुपके’ (१९७५) बघताना हे सहज पकडता येतं. धर्मेंद्र प्यारेमोहन ड्रायव्हर बनून शुद्ध हिंदीचा वर्षाव करतात, पण त्या हिंदीची चव आपल्याला लागते ती जीजाजी झालेल्या ओमप्रकाशांच्या कपाळावर. भाषेच्या अभिमानानं फुलायचं की या ड्रायव्हरला कंटाळायचं, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नाही.

आणि इथे नागपूरचा संबंध येतो, ज्याचा मला मनापासून अभिमान आहे. राजकुमार हिरानी आपल्या नागपूरचे. वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती, हिरानी इथे वाणिज्य शिकले, इथेच नाटकं केली आणि मग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकायला गेले. तेही संकलक. हृषिदांचं ऋण त्यांनी वेळोवेळी मान्य केलं आहे, पण ते सांगितलं नसतं तरी ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ (२००३) बघून कळलंच असतं. त्यातले बोमन इराणींचे डॉ. अस्थाना आठवा. राग आला की हसायचं, हा त्यांचा उपचार. मुन्ना बोलतो, मुन्ना गोंधळ घालतो आणि कॅमेरा अस्थानांवर टिकून राहतो. गाल हलायला लागतात, हसू येतं, आणि ते हसू म्हणजे संताप आहे हे आपल्याला माहीत असतं. त्या चेहऱ्यावर हसण्याची आणि चिडण्याची झटापट दर वेळी नव्यानं चाललेली दिसते. सिनेमात मुन्नाचे संवाद गाजले, पण मी तो पुन्हा लावते अस्थानांसाठी.

ऐकणाऱ्याची ही महती सगळ्यात टोकाला नेली असेल तर ‘जाने भी दो यारों’नं. १९८३ चा, कुंदन शहांचा पहिला सिनेमा. सतीश शहांचा कमिशनर डिमेलो अर्ध्या सिनेमात मेलेला आहे आणि तरी हजर आहे. ओम पुरींचा आहुजा दारूच्या अमलात शवपेटीला मोटार समजतो, आतल्या माणसाशी आपुलकीनं बोलतो, मदत करू पाहतो. ऐकणारा प्रेत आहे, आणि त्याच्या गप्प राहण्यालाही आहुजा उत्तर समजतो! मग ते प्रेत द्रौपदीच्या साडीत रंगमंचावर पोचतं, वस्त्रहरणाचा प्रवेश चालू असतो, दुःशासनाच्या वेषात विधु विनोद चोप्रा असतात, आणि सगळ्या पळापळीत सिंहासनावरचा धृतराष्ट्र पुन्हा पुन्हा विचारतो, ‘ये क्या हो रहा है?’

माझ्या मते हिंदी सिनेमातलं सगळ्यात चोख विनोदी वाक्य हेच. धृतराष्ट्र आंधळा. त्याच्या दरबारात काय चाललंय हे त्यानं विचारणं अगदी रास्त. नटालाही काही कळत नाहीये, त्याचाही तोच प्रश्न. आणि शहरातले बिल्डर, अधिकारी, संपादक एकाच प्रेताला धरून ओढतायत हे बघणाऱ्या आपल्यालाही नेमकं तेच विचारायचंय. एक वाक्य, तिघांचं. शेवटी निरपराध फोटोग्राफर तुरुंगात जातात, मोठी माणसं सुटतात, आणि ‘हम होंगे कामयाब’ वाजतं. हा शेवट ठाऊक झाल्यावर आधीचं हसू कमी व्हायला हवं होतं. माझं झालं नाही. उलट धृतराष्ट्राच्या प्रश्नाला धार चढली.

‘अंगूर’बद्दल (१९८२) खरं तर वेगळं लिहायला हवं. इथे एवढंच सांगते की गुलजारांच्या त्या सिनेमात संजीव कुमारांचा एक अशोक रहस्यकथांचा वाचक आहे, त्यामुळे अनोळखी शहरातल्या प्रत्येक ओळखीच्या हाकेमागे त्याला टोळी दिसते. त्याच्या जागी उभं राहून विचार केला तर त्याचा एकही निष्कर्ष चुकीचा नाही. देवेन वर्मांचा बहादूर शेजारी उभा राहून ते निष्कर्ष ऐकतो. झालं, आणखी काही लागत नाही.

सगळ्या विनोदानं टिकावं अशीही माझी मागणी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात मारबतीची मिरवणूक बघायला मी हौसेनं जाते. काळी मारबत, पिवळी मारबत हे बाईच्या रूपातले थोरले पुतळे, आणि त्यांच्या मागून बडगे, तेही पुतळेच. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, त्या साली जो पुढारी किंवा जे संकट डोक्यात बसलं असेल त्याचा बडगा. ‘घेऊन जा गे मारबत’ची आरोळी उठते, गर्दी खदखदते, आणि नंतर सगळं जाळलं जातं. तो विनोद त्या सालचाच. पुढच्या वर्षी नवा बडगा. यात मला शहाणपण दिसतं, कारण ताज्या घडामोडीवरचा विनोद साठवून ठेवला की त्याला समजावणीची टीप जोडावी लागते. सिनेमातही जे हसू फक्त त्या वर्षीच्या जाहिरातीवर, गाण्यावर, बातमीवर उभं असतं ते असंच विरून जातं. तक्रार नाही.

तक्रार आहे ती वेगळ्या प्रकाराबद्दल. ‘पडोसन’मधल्या (१९६८) किशोर कुमारांवर माझा जीव आहे. पण मेहमूदचे मद्रासी गायन मास्तर आता बघताना मला त्रास होतो. तिथे ऐकणाऱ्याला स्वतःचं मन दिलेलंच नाही. त्याचा उच्चार, त्याची शेंडी, त्याचं दक्षिणेचं असणं हाच विनोद. अभिनय अफाट असूनही मी त्या माणसाच्या बाजूला जाऊन उभी राहू शकत नाही. ‘थ्री इडियट्स’मधलं (२००९) चतुरचं भाषणही असंच. शब्द बदलून टाकल्याचं त्याला कळत नाही, म्हणजे रचना नेमकी मला आवडते तीच. पण जो शब्द घातलाय तो बलात्काराचा आहे, आणि त्यावर सभागृह हसत सुटतं. पहिल्यांदा हसूच्या लाटेत ते निभावलं. पुन्हा बघताना मी श्रोत्यांत बसलेल्या मुलींचे चेहरे शोधते आणि हसू पुढे सरकत नाही. आपल्या नागपूरच्या, इतक्या मायाळू दिग्दर्शकाच्या सिनेमात हे आहे म्हणून जास्त लागतं.

चॅप्लिन मात्र माझ्या दृष्टीनं या सगळ्यांच्या आधी हे जाणून होता. ‘द गोल्ड रश’ (१९२५) मध्ये उपाशी माणसं बूट शिजवून खातात. चॅप्लिन तळव्याचे खिळे हाडं चोखावी तसे चोखतो, नाड्या शेवयांसारख्या गुंडाळतो. चित्रीकरणासाठी तो बूट ज्येष्ठमधाचा केला होता. हे सगळं जग बघतं. तुम्ही पुढच्या वेळी समोर बसलेल्या बिग जिमकडे बघा. मॅक स्वेननं तो केला आहे. त्याच्या वाट्याला बुटाचं वरचं कातडं आलंय, आणि समोरचा इतक्या चवीनं खातोय की आपल्याला कमी चांगला भाग आला की काय, अशी शंका त्याच्या तोंडावर आहे. भुकेल्या माणसाची ती शंका बघून मला हसू येतं आणि त्याच वेळी घशाशी काहीतरी येतं.

परवा भाची सुट्टीत आली होती. कॉलेजात जाते. बनवाबनवीचे बहुतेक सगळे संवाद तिला पाठ, पण सिनेमा तिनं सलग कधी पाहिला नव्हता. फोनवर येणाऱ्या तुकड्यांतून ते तिच्यापर्यंत पोचले होते. त्या तुकड्यांवर माझा राग नाही, त्यांच्यामुळे नव्या पोरांच्या तोंडी अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत जिवंत आहेत. पण तुकडा वाक्यापाशी सुरू होतो आणि वाक्यापाशी संपतो. आधीचं वाट बघणं त्यात नसतं, नंतरचा चेहरा कापलेला असतो. म्हणून मी तिला सिनेमा अख्खा दाखवला, मध्ये न थांबता. पाठ असलेल्या वाक्यांवर ती नुसती ओळखीचं हसली. खळखळून हसली ती दुसरीकडेच, लीलाबाई कौतुकानं सुनांशी बोलतात तिथे, सरपोतदार गप्प होतात तिथे. दुसऱ्या दिवशी ‘गोलमाल’ लावला. मी काही सांगितलं नव्हतं, तरी अर्ध्या सिनेमात तीच म्हणाली, ‘‘मावशी, याचं तोंड बघ ना गं!’’ आणि संपल्या संपल्या विचारलं, हा माणूस आणखी कशात आहे?

मग रात्री जेवणं उरकून ‘रंगबिरंगी’ काढला. १९८३ चा, पुन्हा हृषिदांचाच. त्यात उत्पल दत्त पोलीस अधिकारी आहेत, आणि हा पक्का बंगाली नट त्यात आपलं नाव मोठ्या रुबाबात सांगतो, धुरंधर भाटवडेकर. ते नाव ऐकून भाची उठून बसली आणि म्हणाली, मागे घे, पुन्हा एकदा दाखव.